कोकणकड्याचा फोटो: हरिश्चंद्रगड चढताना उजेडाचा हिशोब

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्ताला पोहोचणाऱ्यांपैकी निम्मे लोक सूर्य मावळताना धापा टाकत असतात. कॅमेरा सॅकच्या तळाशी, त्यावर स्लीपिंग बॅग, त्यावर भडंगाची पिशवी. हे सगळं उपसून ट्रायपॉड उभा राहीपर्यंत सूर्य कोकणावरच्या धुरकट थरात विरून गेलेला असतो. मग हातात धरून चार फोटो, एक सेल्फी आणि ‘पुढच्या वेळी चांगला कॅमेरा आणू’ असा ठराव. कॅमेऱ्याचा यात काहीच दोष नसतो. साडेचारला पोहोचायचं ते पावणेसहाला पोहोचलं, एवढंच.

म्हणून कॅमेऱ्याची चर्चा थोडी पुढे ढकलू. आधी ठरवायचं ते हे, की उजेड कधी, कुठून आणि कशावर पडणार. तिथून मागे मोजत आलं की घरातून कधी निघायचं, काय उचलायचं, काय घरी ठेवायचं हे आपोआप ठरतं.

उजेड कुठून येतो

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला, वरून पुढे झुकलेला, हजार फुटांहून जास्त सरळ तुटलेला. खाली बेलपाडा गाव आणि कोकणची सपाटी. तोंड पश्चिमेला म्हणजे सकाळभर कड्याचा कातळ सावलीत असतो. दुपारनंतर ऊन हळूहळू कातळावर उतरायला लागतं आणि शेवटच्या दीड तासात ते तिरपं होऊन प्रत्येक थर, प्रत्येक भेग उठावदार करतं.

सगळे जण सूर्याचा फोटो काढतात. खरा फोटो बऱ्याचदा उलट बाजूला असतो. मावळतीचं ऊन अंगावर घेतलेला कडा हा विषय आहे, सूर्य हा फक्त दिवा आहे.

आता थोडी दिशांची उजळणी. डिसेंबरात सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, साधारण पंचवीस अंश दक्षिणेकडे, म्हणजे नैऋत्येच्या बाजूला सरकून मावळतो. त्यामुळे हिवाळ्यात कड्याच्या दक्षिण टोकाकडे उभं राहून उत्तरेकडे बघितलं की सूर्य डाव्या खांद्यामागे राहतो आणि समोरचा कातळ उजळलेला मिळतो. उत्तर टोकाकडून दक्षिणेकडे बघाल तर सूर्य जवळजवळ लेन्सच्या समोर येतो. मग कड्याची काळी कडा आणि मागे रंगीत आकाश, असा छायाकृतीचा फोटो होतो. दोन्ही चांगले आहेत, पण एका संध्याकाळी दोन्ही टोकांना धावपळ करू नका. एक ठरवून जा.

मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी ॲप्स मिळतात. घरीच बसून त्या तारखेची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ आणि दिशा बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. गडावर आणि पायथ्याच्या पाचनई गावात नेटवर्कवर विसंबू नका. नकाशाही ऑफलाइन उतरवून घ्या.

कोणता महिना

जून ते ऑगस्ट: हौसेने जायचं असेल तर जरूर जा, पण कोकणकड्याच्या फोटोसाठी नाही. कड्यावर उभं राहिलं की समोर पांढरी भिंत, आणि ती दिवस दिवस हलत नाही. या दिवसांत फोटो खालच्या टप्प्यात आहेत: पाचनईच्या वाटेवर कातळावरून कोसळणारं पाणी, ओढे, शेवाळलेले दगड. धुकं क्षणभर फाटलं आणि वारा जोराचा असला, तर कड्यावरून खाली पडू पाहणारं पाणी वाऱ्याने परत वर उडवलेलं दिसतं. पण त्याच वाऱ्यात काठावरचा दगड निसरडा असतो. त्या फोटोसाठी काठाजवळ जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात: एकच वेळ निवडायची झाली तर ही. पठारावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी पट्टा, हवा धुतलेली, ढग येतात-जातात. दरीत धुकं आणि पाठीमागे ऊन असा योग जुळला तर इंद्रवज्रही, म्हणजे धुक्यावरच्या आपल्या सावलीभोवतीचं इंद्रधनुषी वर्तुळ, दिसू शकतं. त्याच्याबद्दल पुढे. कारवी सात वर्षांनी एकदा घाऊक फुलते. ते वर्ष साधलं तर उताराच्या उतार जांभळे दिसतात, एरवी हिरव्या झुडपांवर समाधान मानायचं. या दिवसांतला धोका म्हणजे परतीच्या पावसातल्या दुपारनंतरच्या विजा. गडगडाट ऐकू आला की ट्रायपॉड मिटायचा आणि काठ व उघडं पठार सोडून खाली यायचं, आकाश कितीही नाट्यमय दिसत असलं तरी.

नोव्हेंबर ते जानेवारी: वाट कोरडी, थंडी कडक, आकाश स्वच्छ. नवख्याने पहिल्यांदा याच दिवसांत जावं. गवत सोनेरी होतं आणि संध्याकाळच्या उन्हात ते फार उपयोगी पडतं. फेब्रुवारीपासून कोकणावर धुरकट थर वाढतो आणि मार्चनंतर पाण्याचीही ओढ लागते.

आणि शनिवार टाळा. शनिवारी संध्याकाळी कड्याच्या काठावर माणसांची रांग असते आणि प्रत्येक फ्रेममध्ये कुणाची तरी लाल पॉंचो येते. सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार.

वाट निवडताना

गडावर यायला बऱ्याच वाटा आहेत. फोटोसाठी जाणाऱ्याने दोनच विचारात घ्याव्यात.

पाचनई: अकोले तालुक्यातलं, गडाच्या उत्तरेचं गाव. मुंबईकडून घोटी-राजूरमार्गे, पुण्याकडून आळेफाटा-ओतूर-कोतूळमार्गे इथे पोहोचता येतं. गावातून चढ लगेच अंगावर येतो, मग वाट कातळभिंतीच्या पोटातून आडवी जाते, ओढा ओलांडते आणि गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी येते. रमतगमत दोन ते अडीच तास. अवघड जागी रेलिंग आहेत. सॅकमध्ये कॅमेरा असेल तर ही वाट सगळ्यात शहाणपणाची.

खिरेश्वर: माळशेज घाटाच्या माथ्यावरच्या खुबी फाट्यावरून आत. गावाजवळ पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय आणि नागेश्वराचं कोरीव देऊळ. तिथून तोलार खिंड, खिंडीनंतर कातळटप्पा, आणि मग टेकड्यांमागून टेकड्यांचं लांबच लांब पठार. चार ते पाच तास धरा. दृश्यं जास्त, पण धुक्यात पठारावर चुकणारे लोक दरवर्षी असतात. ही वाट घ्यायची तर पहाटे निघा आणि वाटाड्या घ्या.

बेलपाड्याहून कोकणकड्याच्या कुशीतून वर येणारी नळीची वाट फोटोंत फार देखणी दिसते. तिथे घसारा आहे, सुटे दगड आहेत, दोर लागणारे टप्पे आहेत. ती गिर्यारोहणाची मोहीम आहे. कॅमेऱ्याचं ओझं घेऊन, सूर्यास्ताची वेळ गाठायला म्हणून तिच्यात शिरू नये.

गड आणि पाचनईची बाजू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. प्रवेश शुल्क भरावं लागतं, रोख पैसे ठेवा. मुक्कामाचे आणि तंबूचे नियम वनखातं वेळोवेळी बदलतं, म्हणून निघण्याआधी पाचनईतल्या एखाद्या घरगुती खाणावळीत फोन करून सध्या काय चालू आहे ते विचारा. ड्रोन घरी ठेवा. अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही.

सॅकमध्ये काय

वजनाचा नियम एकच सांगतो: पाण्यासकट सॅक तुमच्या वजनाच्या सहाव्या-सातव्या भागाहून जड नको. साठ किलोच्या माणसाला नऊ-दहा किलो. त्यातले तीन किलो नुसतं पाणी. उरलेल्यात जेवण, गरम कपडे आणि कॅमेरा.

कॅमेऱ्याचं सामान असं:

- एक बॉडी, दोन लेन्स. एक रुंद, १४ ते २४ किंवा १६ ते ३५ मिलिमीटरची. दुसरी लांबची, ७० ते २०० किंवा ७० ते ३००. मधली नसली तर काही अडत नाही.
- हलका पण न डगमगणारा ट्रायपॉड. दीड किलोच्या आत.
- दोन जादा बॅटऱ्या. थंडीत त्या लवकर उतरतात, म्हणून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, दिवसा आतल्या खिशात.
- पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर), लेन्स पुसायची दोन फडकी, झिपच्या पिशव्या, एक मोठी प्लास्टिकची पिशवी.
- हेडटॉर्च, आणि तिची जादा बॅटरी. हे कॅमेऱ्याच्या सामानातच धरा. सूर्यास्ताचा फोटो काढणारा माणूस अंधारातच परततो.

मोबाइलवरच फोटो काढणार असाल तर सगळ्यात चांगलं. छोटा ट्रायपॉड आणि पॉवर बँक, संपलं. हल्लीचे फोन रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) देतात, रुंद लेन्सही असते. नऊ किलो उचलून दमलेल्या माणसापेक्षा फोन घेऊन वेळेत, ताज्या दमाने पोहोचलेला माणूस चांगला फोटो काढतो, हे वारंवार दिसतं.

बूट पकड असलेले आणि आधी वापरलेले. नवे कोरे बूट गडावर फोडायला नेऊ नयेत. निघण्याआधी तीन-चार आठवडे इमारतीचे जिने सॅक घेऊन चढा. पुण्यातल्यांना सिंहगड आहेच. सॅक रिकामी नको, जेवढं वजन नेणार तेवढंच भरा. सरावाला पाण्याच्या बाटल्या चालतात.

उलटा हिशोब

समजा डिसेंबरचा पहिला आठवडा. सूर्यास्त सहाच्या आसपास.

कड्याच्या कातळावर तिरपं ऊन येतं ते दीड तास आधीपासून, म्हणजे साडेचारला कड्यावर हवं. जागा हेरायला अर्धा तास, म्हणजे चारला. देवळापासून कोकणकडा अर्ध्या तासाची चाल. साडेतीनला देऊळ सोडायचं. देवळाशी जेवण, विश्रांती आणि केदारेश्वराची गुहा यांना दीड तास, म्हणजे दोनला देवळाशी. पाचनईहून अडीच तास, वर वाटेतल्या फोटोंसाठी अर्धा तास. अकराला चढायला सुरुवात. म्हणजे साडेदहाला पाचनईत गाडीतून उतरलेलं हवं. मुंबईहून किंवा पुण्याहून साधारण पाच तासांचा प्रवास धरा आणि चहा-नाश्त्याचा वेळ मिळवा, म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचं.

बहुतेक लोक इथे एक तास कापतात: ‘सहाला निघू, दुपारी पटापट चढू.’ तो एक तास शेवटी कड्यावरच कमी पडतो, कारण मधलं काहीच कमी होत नाही. राजूरच्या पुढचा रस्ता वळणांचा आहे, चढ आहे तेवढाच आहे, आणि गटात एक तरी माणूस हळू चालणारा असतो. कापायचंच असेल तर केदारेश्वर दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकला. आदल्या रात्रीच पाचनईत मुक्कामाला येणं त्याहून बरं.

चढताना

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. पाचनईचा पहिला चढ लोकांना इथेच मारतो, कारण गाडीतून उतरलेले पाय थंड असतात आणि उत्साह गरम. पावलं आखूड, श्वास नाकाने चालेल इतक्याच वेगाने. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. तासाला पाच-सात मिनिटं थांबा, सॅक उतरवा, घोट घोट पाणी प्या. घाम आलेल्या अंगाने वारा लागेल अशा जागी बसू नका.

कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवून कातळाला भिडू नका. तो झुलतो, दगडावर आपटतो आणि नेमक्या वेळी तोल घालवतो. सॅकच्या पट्ट्याला छातीशी अडकवायची क्लिप मिळते, ती सपाट वाटेवर ठीक. रेलिंगच्या आणि कातळाच्या जागी कॅमेरा सॅकमध्ये आणि दोन्ही हात मोकळे. हातातली काठीसुद्धा तिथे मिटून सॅकला लावा.

एक सवय लावून घ्या: जिथे वाट फुटते किंवा वळते तिथे मागे वळून मोबाइलवर एक फोटो काढा. येताना दिसलेली वाट आणि परतताना दिसणारी वाट या वेगळ्या असतात. अंधारात किंवा धुक्यात उतरताना ‘हे झाड डाव्या हाताला होतं की उजव्या’ हा वाद त्या फोटोवरून मिटतो. देवळापासून कोकणकड्याकडे जाणारी वाट कारवीच्या झुडपांतून आणि उघड्या कातळावरून जाते. तिथे याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

कातळकड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका, धूर करू नका, मोहोळाच्या जवळ फ्लॅश मारू नका, आरडाओरडा नको. ही वाचून सोडून द्यायची सूचना नाही. मधमाश्या उठल्यामुळे गडांवर माणसं दगावलेली आहेत.

केदारेश्वर

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ ही गुहा. आत मोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं बर्फगार पाणी आणि चार खांबांपैकी शाबूत उरलेला एकच. चार खांब म्हणजे चार युगं आणि हा उरलेला कलियुगाचा, असं लोक सांगतात. फ्लॅश बंद, कारण तो पाण्यावर आणि ओल्या दगडावर चमकतो आणि गुहेची सगळी खोली मारतो. रुंद लेन्स, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ८०० ते १६००, कॅमेरा गुहेच्या तोंडाशी दगडावर टेकवून दोन-तीन सेकंदांचं एक्सपोजर, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत घ्यायचा. बाहेरचा उजेड पांढरा होणार हे गृहीत धरा किंवा तोंडाला पाठ करून आतल्या बाजूला बघा. लोक पूजेला पाण्यात उतरलेले असतील तर आधी त्यांचं आटपू द्या.

देवळाचं शिखर मात्र दुपारी काढण्यात अर्थ नाही. ते सकाळच्या उन्हात काढा.

कड्यावर

चारला पोहोचलात तर पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढू नका. काठापासून लांब राहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाला. कुठे पुढे गवताचा पट्टा आहे, कुठे कातळाची जीभ बाहेर आली आहे, कुठे कड्याचा वळसा पूर्ण दिसतो, हे डोळ्यांनी ठरवा. मोबाइलवर दोन-चार चाचणी फोटो काढा. मग एक मुख्य जागा आणि एक जादा जागा पक्की करा.

काठाचा नियम: उभं असताना काठापासून किमान दोन माणसांच्या लांबीइतकं अंतर. खाली डोकावायचंच असेल तर पालथं पडून, सॅक काढून, पाय कुणीतरी धरलेले. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, आणि खिशातलं सगळं आधीच बाहेर. काठावरचा मुरूम आणि गवताचे गड्डे पायाखाली सुटतात. ‘अजून एक पाऊल मागे’ असं कुणाचाही फोटो काढताना म्हणायचं नाही. ट्रायपॉड लावल्यावर त्याच्या आणि काठाच्या मधे उभं राहायचं नाही.

ट्रायपॉड बुटका ठेवा, मधला दांडा वर काढू नका. दरीतून वर येणारा वारा इथे जोरात असतो आणि लेन्सवर धूळही आणतो. ट्रायपॉडला सॅक टांगली तर ती झुलून उलट थरथर वाढवते. सॅक जमिनीला टेकेल इतकी खाली बांधा किंवा पायांवर दगड ठेवा. दर काही मिनिटांनी लेन्स पुसा. सूर्य समोर असताना धुळीचा प्रत्येक कण फोटोत ठिपका होऊन येतो.

सेटिंग साधी आहेत. आयएसओ १००, छिद्र (लेन्स किती उघडायची तो आकडा) एफ/८ ते एफ/११, शटर जे येईल ते. सूर्य फ्रेममध्ये असेल तर एकच एक्सपोजर पुरणार नाही: एक आकाशासाठी, एक मधलं, एक कातळासाठी, असे दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने तीन घ्या आणि घरी जोडा. फोनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट ठेवून फोकस लॉक करा आणि एक्सपोजर थोडं खाली ओढा. काळवंडलेल्या कातळातून तपशील परत काढता येतो, जळून पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. पोलरायझर रुंद लेन्सला लावला तर आकाशाचा एक भाग गडद आणि दुसरा फिका दिसतो. तो लांबच्या लेन्सला किंवा सप्टेंबरातल्या ओल्या पानांना ठेवा.

कडा किती मोठा आहे हे फोटोत कळत नाही, ही इथली सगळ्यांची तक्रार. रुंद लेन्स समोरची गोष्ट मोठी करते आणि लांबचा कडा बारीक. उपाय दोन. एक, समोरच्या काठावर, सुरक्षित अंतरावर, कुणीतरी बसलेलं असेल तर त्या माणसाला फ्रेमच्या कोपऱ्यात ठिपक्याएवढं ठेवा. मोजपट्टी मिळते. दोन, लांबची लेन्स काढा. ७० ते १०० मिलिमीटरला कड्याचा एकच तुकडा, त्यावरचे बेसॉल्टचे आडवे थर आणि खाली कोकणातली वस्ती, एवढंच घेतलं की उंची अंगावर येते. याच लेन्सने क्षितिजाकडे वळलात तर सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक, प्रत्येक आधीपेक्षा फिकी. थोडं धुरकट असणं इथे उपकारकच ठरतं.

सूर्य बुडाला की गर्दी पांगते. तुम्ही पंचवीस-तीस मिनिटं थांबा. कड्यावरून थेट ऊन गेल्यावर आकाशाचा उरलेला उजेड कातळावर मऊ पडतो, सावल्या कडक राहत नाहीत, आणि खाली बेलपाड्याचे दिवे लागायला लागतात. शटर दोन ते दहा सेकंदांवर जाईल, म्हणून टायमर लावा, हात लावू नका. माझ्या मते कोकणकड्याचे सगळ्यात चांगले फोटो या अर्ध्या तासातले असतात.

रात्र

मुक्कामाला परवानगी असेल तर तंबू काठाजवळ नको, देवळाच्या परिसरात किंवा नेमून दिलेल्या जागी. पिठलं-भाकरी आणि ठेचा सांगून ठेवलेला असला की स्वयंपाकाचं सामान वर न्यावं लागत नाही, सॅकचे दोन किलो वाचतात.

आकाशगंगेचा दाट भाग हवा असेल तर डिसेंबर-जानेवारी सोडून द्या, तेव्हा तो सूर्याच्या बाजूला असतो. ऑक्टोबरात अमावास्येच्या आसपास संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तो नैऋत्येला, क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर असतो, म्हणजे कड्याच्या अगदी सोयीच्या बाजूला. क्षितिजाजवळ कल्याण-मुंबईचा पिवळट उजेड येतो. तो टाळता येत नाही, फ्रेममध्ये खाली ठेवून द्यायचा. एफ/२.८, आयएसओ ३२००, पंधरा ते वीस सेकंद, फोकस हाताने एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर. फ्रेम मात्र उजेडातच ठरवून ट्रायपॉड लावून ठेवायचा. अंधारात काठाजवळ जागा शोधत फिरायचं नाही.

रात्री कॅमेरा गार होतो. सकाळी तंबूच्या उबेत आणला की दव धरतो. आत आणण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं.

सकाळ: तारामती की इंद्रवज्र

सकाळी दोन ठिकाणं आहेत आणि दोन्ही होत नाहीत. आकाश निरभ्र असेल तर तारामती. गडाचं सगळ्यात उंच टोक, सुमारे १४२५ मीटर. देवळाकडून झाडीतून खडा चढ, पाऊण ते एक तास. जानेवारीत सूर्योदय सातच्या थोडा पुढे, म्हणून साडेपाचला हेडटॉर्च लावून निघायचं. वरून उत्तरेला कळसूबाईची रांग आणि रतनगड, नैऋत्येला नाणेघाट-जीवधनचा भाग, आग्नेयेला पिंपळगाव जोग्याचं पाणी. सूर्य उगवला की पूर्वेचे चार फोटो काढून पश्चिमेला वळा. कोकणावर धुकट थर असेल तर डोंगराची त्रिकोणी सावली त्यावर लांब पडलेली दिसते. ती पंधरा-वीस मिनिटांत आखूड होते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री पाऊस झाला, सकाळी वर ऊन आणि दरीत धुकं भरलेलं असेल, तर तारामती सोडा आणि कोकणकड्यावर जा. इंद्रवज्र दिसण्याची हीच वेळ. १८३५ साली कर्नल साइक्स यांनी त्याची नोंद केली, असं गडाच्या माहितीत नेहमी सांगितलं जातं. रचना सरळ आहे: सूर्य पाठीमागे, धुकं समोर खाली, आणि तुमची सावली त्या धुक्यावर. सावलीच्या डोक्याभोवती इंद्रधनुषी वर्तुळ. कड्याचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य पूर्वेला असतानाच हे जमतं. तारामतीच्या बाजूचा डोंगर आडवा असल्याने ऊन काठावर यायला सूर्योदयानंतर थोडा वेळ लागतो.

इथे एक गणित लक्षात ठेवा. तुमच्या डोक्याची सावली काठाच्या पलीकडे धुक्यावर पडायला हवी. सूर्य दहा अंशांवर असताना माणसाची सावली नऊ-दहा मीटर लांब असते, म्हणजे काठापासून सहा-सात मीटर मागे उभं राहूनही वर्तुळ दिसतं. सूर्य तीस अंशांवर गेला की सावली तीन मीटरवर येते आणि लोक काठाकडे सरकायला लागतात. तेव्हा थांबायचं. ऊन काठावर आल्या आल्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात जे दिसेल ते आपलं.

फोटो काढताना कॅमेरा धुक्यावर फोकस धरत नाही, हाताने अनंतावर लावा. धुकं पांढरं असल्यामुळे कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून एक्सपोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा. वर्तुळाच्या मध्यभागी प्रत्येकाला स्वतःचीच सावली दिसते. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात तुमचं इंद्रवज्र येणार नाही, तेव्हा आपापला फोटो आपणच काढायचा.

उतरताना

उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. अपघात बहुधा उतरताना होतात: पाय थकलेले, घरी जायची घाई, आणि कॅमेरा परत गळ्यात. गुडघे किंचित वाकवून, पाऊल पूर्ण टेकवून. घसाऱ्यावर टाच रोवून, शरीर मागे न झुकवता. दोन माणसांमध्ये अंतर ठेवा, वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागू नये. कुणी जखमी झालंच तर ११२ आहे, पण रेंज मिळेपर्यंत पाचनईची माणसंच सगळ्यात आधी पोहोचतात. म्हणून चढण्याआधी गावात किती जण जातोय आणि कधी परतणार हे सांगून जा, आणि परतल्यावर उतरलो म्हणूनही सांगा.

गावात पोहोचल्यावर जेवताना कार्डावरचे फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्या. त्या दिवशी ऊन कातळावर किती वाजता आलं, कुठे उभे होता, धुकं कधी फाटलं, हे मोबाइलवर बोलून ठेवा. पुढच्या खेपेला नकाशापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पाचनईत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भाकरी थापणाऱ्या मावशींचा, गुरं राखणाऱ्या मामांचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि नको म्हणाले तर तिथेच सोडा. हो म्हणाले तर नंबर घेऊन फोटो नक्की पाठवा. गावात नेटवर्क नसलं तरी बाजाराला राजूरला गेले की मेसेज पोहोचतो.